‘मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, आपल्या भाषेत लिहा?’

पत्र थोडक्यात : विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आलेला सर्जनशील लेखनाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम त्यांच्याकडे आहे. वर्गात सत्तरेक मुलंमुली. त्या लिहितात : ‘मुलं वर्गाबाहेर इतकं रसरशीत बोलतात की ऐकत राहावं. कागद पुढे आला की सगळ्यांची भाषा एकच होते. पावसावर लिहा म्हटलं की धरित्री हिरवा शालू नेसते, आईवर लिहा म्हटलं की ती वात्सल्यसिंधू होते. शेवटी मी सांगितलं, घरी बोलता तसं लिहा, आपल्या आवाजात लिहा. बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही. पाच-सहा जणांनी वऱ्हाडीत लिहिलं. त्यातलं एका मुलीचं लेखन मला फार आवडलं, मी चांगले गुण दिले. विभागातल्या ज्येष्ठ सरांनी वह्या पुन्हा पाहिल्या आणि “अशुद्ध” असा शेरा मारून तिचे गुण निम्म्यावर आणले. ती माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, “मॅडम, तुम्हीच म्हणालात ना?” सरांचं म्हणणंही मला पूर्ण चूक वाटत नाही. या मुलांना उद्या स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत. मी त्यांचं नुकसान करते आहे का? आधी शुद्धलेखन पक्कं करून मग शैलीकडे यावं का? आणि मुळात शैली ही शिकवण्याची गोष्ट आहे की ती ज्याची त्याला उपजत असते?’

तुमच्या प्रश्नांकडे येते, पण आधी त्या मुलीचं.

तिच्याशी याच आठवड्यात बोला. तिचं लेखन घेऊन शेजारी बसा आणि कोणतं वाक्य तुम्हाला आवडलं, का आवडलं, ते बोट ठेवून दाखवा. कुठे अडखळायला झालं तेही दाखवा. आत्ता तिची अवस्था अशी आहे की दोन मोठ्या माणसांनी तिला दोन उलट गोष्टी सांगितल्या आहेत आणि कारण दोघांनीही दिलेलं नाही. तुम्ही ‘छान’ म्हणालात, सरांनी ‘अशुद्ध’ म्हटलं. यातून ती लेखनाबद्दल काहीच शिकली नाही. कोणत्या शिक्षकासमोर कसं वागायचं एवढंच शिकली. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अजून विद्यापीठाकडे गेले नसतील तर ते परत मिळवून द्यायचा मनापासून प्रयत्न करा. तिने तुमची सूचना पाळली होती. सूचना पाळल्यावर गुण कापले गेले, ही बातमी वर्गात पोचलेली असणारच, आणि हिरव्या शालूला चिकटून राहिलेल्या बाकीच्यांना आपण शहाणे ठरलो असं वाटत असणार.

आता त्या बाकीच्यांबद्दल. तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, की या मुलांना स्वतःची शैली नाही, किंवा असली तर ती कुठेतरी आत दडलेली आहे आणि तुम्ही ती बाहेर काढायची आहे. मला ते पटत नाही. या मुलांकडे शैली आहे, आणि ती त्यांनी कष्टाने कमावलेली आहे. निबंधाची गाईडं, मुद्द्यांवरून निबंध, सुरुवातीला काव्यपंक्ती, शेवटी सुविचार, मधे दोन-चार अलंकारिक वाक्यं, हे सगळं त्यांनी शाळेत वर्षानुवर्षं गिरवलं आहे. त्यांचा वाचकही ठरलेला होता : मुलाला कधीही न भेटणारा, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवायची घाई असलेला परीक्षक. त्याच्यापुढे आपल्या वावरातली, आपल्या घरातली गोष्ट सांगणं धोक्याचं आणि धरित्रीला शालू नेसवणं सुरक्षित, हे त्यांनी अचूक ओळखलं. ही हुशारीच आहे. जो मुलगा वाचकाला इतकं नेमकं ओळखतो त्याला लेखनातलं एक मोठं मर्म आधीच कळलेलं आहे. त्याला आजवर दुसरा वाचक मिळालेला नाही, एवढीच अडचण.

दुसरं गृहीतक अधिक खोलवरचं आहे, आणि ते तुमचं आणि तुमच्या सरांचं सामायिक आहे. तुम्ही दोघंही बोली म्हणजेच आवाज असं धरून चालला आहात. तुम्हाला तो हवा आहे, त्यांना नको आहे, एवढाच फरक. हे तपासून पाहायला मी काही वाक्यं तयार केली आहेत. त्या मुलीचं लेखन तुम्ही पाठवलं नाहीत, ते बरोबरच केलंत.

‘पाऊस म्हणजे निसर्गाचा अद्भुत चमत्कार होय. पाऊस पडताच धरित्री हिरवा शालू नेसते आणि शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर हास्य फुलते.’

हेच वऱ्हाडीत लिहू : ‘पाऊस म्हंजे निसर्गाचा मोठा चमत्कारच हाये. पाणी पडलं का धरतीमाय हिरवा शालू नेसते अन् शेतकऱ्याच्या तोंडावर हासू येते.’

आता हे पाहा : ‘पाणी आलं तं बाबानं आभायाकडे नाई पायलं. कोपऱ्यातल्या थैल्या पायल्या. दोन उरल्या होत्या.’

आणि तेच प्रमाण मराठीत : ‘पाऊस आला तेव्हा बाबांनी आभाळाकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या थैल्या पाहिल्या. दोन उरल्या होत्या.’

दुसरा नमुना अस्सल बोलीत आहे आणि तरी त्यात कुणीच बोलत नाही. चौथा प्रमाण भाषेत आहे आणि त्यात ती मुलगी अजून उभी आहे. तिने काय पाहिलं, कशाच्या आधी काय सांगितलं, कोणतं वाक्य तिथेच थांबवलं, आणि ‘बाबा काळजीत होते’ हे न सांगता कसं सोडून दिलं, यांतून ती आपल्याला ऐकू येते. पहिली पेरणी साधली नाही, मधे पावसाने ताण दिला, आता दुबार पेरायला सोयाबीनच्या दोनच थैल्या शिल्लक आहेत, हे सगळं त्या तीन वाक्यांत न लिहिता आलं आहे. भाषेचं रूप बदललं तरी या निवडी टिकल्या.

पण सगळ्या टिकल्या का? नाही, आणि हेही वर्गात बोलायला हवं. ‘पाणी आलं’चं ‘पाऊस आला’ झालं. ‘बाबानं’चं ‘बाबांनी’ झालं. तिच्या घरात बापाला एकवचनात बोलतात आणि त्यात अनादर नसतो, जवळीक असते. प्रमाण भाषेत आदरार्थी अनेकवचन आलं आणि बापलेकीत एक हात अंतर पडलं. वाक्याचा ठेकाही थोडा सैल झाला. मग तिने काय करावं? काही लेखक निवेदन प्रमाण भाषेत ठेवून ‘बाबा’ एकवचनी ठेवतील. काही पूर्ण वऱ्हाडीतच राहतील. काही ‘बाबांनी’ लिहून ते अंतर स्वीकारतील, कारण त्यांना नागपूरच्या किंवा पुण्याच्या वाचकाशी बोलायचं आहे. यातलं कोणतं करायचं ते तिने ठरवावं. तिला हे सगळे पर्याय दिसावेत, त्यांची किंमत कळावी, आणि ठरवून झाल्यावर ‘मी असं का केलं’ हे सांगता यावं, एवढं काम तुमचं. माझ्या मते शैली शिकवणं म्हणजे निवड करायला शिकवणं, आणि ते नक्की शिकवता येतं. एखाद्याला कान उपजत असतो, मान्य. पण एकाच परिच्छेदाची तीन रूपं करून पाहिलेला मुलगा आणि न पाहिलेला मुलगा यांच्यातला फरक उपजत नसतो.

निवड मात्र पोकळीत होत नाही. कुणाशी बोलतो आहोत हे माहीत असावं लागतं. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका विद्यार्थिनीचा निबंध छापून आला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली मुलगी. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. तो निबंध आज तुमच्या मुलांना वाचून दाखवा. त्यात ती देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते सांग. ज्यांनी तिच्या समाजाला ज्ञानापासून लांब ठेवलं त्यांनाही ती थेट सवाल करते. भाषा त्या काळची आहे, काही जागी मुलांना अडेल. पण बोलणारी समोर उभी राहते, कारण आपण कुणाला जाब विचारतो आहोत हे तिला पक्कं ठाऊक आहे. एका शाळकरी मुलीचा निबंध आणि त्याला मिळालेला छापील वाचक, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. तुमच्या वर्गाला नेमकं हेच हवं आहे. महाविद्यालयाचा वार्षिकांक आहे, विभागाचं भित्तिपत्रक असेल, गावात वाचनालय असेल. पहिल्याच तासाला सांगा की हे लेखन कोण वाचणार आहे.

‘बोलता तसं लिहा’ ही सूचना मात्र मी तुम्हाला सोडून द्यायला सांगेन. ती दयाळू आहे आणि म्हणूनच सगळीकडे दिली जाते, पण ती पाळता येत नाही. बोलताना समोर माणूस असतो. त्याच्या भुवया उंचावल्या की आपण थांबून खुलासा करतो, तो ‘मग?’ म्हणाला की पुढे जातो, हातवारे असतात, आवाज चढतो-उतरतो. कागदावर यातलं काही नसतं आणि मुलं गडबडतात. मग ती जे लिहितात ते ना धड बोलणं असतं ना लिहिणं. त्याऐवजी दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने घडलेली छोटी गोष्ट सांगायची, दुसऱ्याने ऐकताना मनात आलेले प्रश्न कागदावर टिपत जायचे : थैल्या कसल्या? दोनच का उरल्या? तू कुठे होतीस तेव्हा? सांगून झाल्यावर सांगणाऱ्याने ते प्रश्न हातात घेऊन गोष्ट लिहायची. कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि कोणतं वाचकाला शोधू द्यायचं, हे तिथे पहिल्यांदा कळतं. या एका सरावात मुलांच्या लेखनात जितका फरक पडलेला मी पाहिला आहे, तितका शैलीवरच्या कुठल्याही व्याख्यानाने पडलेला पाहिलेला नाही.

त्याच्या जोडीला दहा मिनिटांचं मुक्तलेखन ठेवा. पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, कुणी तपासणार नाही. नंतर प्रत्येकाने त्यातलं एकच वाक्य निवडून मोठ्याने वाचायचं. मोठ्याने वाचणं सोडू नका, कारण लिहिलेलं वाक्य खोटं वाजतंय हे लाल पेनाच्या कितीतरी आधी लिहिणाऱ्याच्याच कानाला कळतं. ‘वात्सल्यसिंधू’ हा शब्द वर्गमित्रांसमोर स्वतःच्या तोंडाने वाचावा लागला की मुलं तो आपणहून काढतात.

आता दोन धोके सांगते, कारण तुमच्यासारख्या तळमळीच्या शिक्षकांच्याच वर्गात ते उद्भवतात.

पहिला असा : तुमच्या वर्गात सगळ्यांच्या घरी वऱ्हाडी बोलली जात नाही. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलाची घरची भाषा गोरमाटी आहे. कुणाच्या घरी उर्दू, कुणाच्या घरी हिंदी-मारवाडी. वर्गात वऱ्हाडीचं कौतुक सुरू झालं की ही मुलं दोन्हीकडून बाहेर पडतात. प्रमाण मराठी त्यांची नव्हतीच, आता ‘आपली बोली’ही त्यांची नाही. शिवाय काही मुलांना घरची भाषा महाविद्यालयात आणायचीच नसते. जी भाषा बोलल्यामुळे बसस्टँडवर, वसतिगृहात, मुलाखतीत हसं झालं, ती मॅडमनी मागितली म्हणून कागदावर का काढावी? तो नकार खरा आहे आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. बोलीत लिहायची मोकळीक द्या, सक्ती करू नका, आणि न लिहिणाऱ्याकडे भित्रा म्हणून पाहू नका.

दुसरा धोका मला अधिक काळजीचा वाटतो. अस्सल लेखन म्हणजे दुःखाचं लेखन, असं वर्गाच्या मनात फार लवकर बसतं. नापिकी, कर्ज, दारू, आजारपण यांवरचं लेखन वाचताना शिक्षकांचा गळा दाटतो, मुलं ते पाहतात आणि पुढच्या वेळी तेच आणून देतात. मग हिरव्या शालूच्या जागी फाटकं लुगडं येतं. साचा बदलतो, साचेबंदपणा तसाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे एखादी मुलगी गुणांसाठी घरातली जखम उघडी करते आणि ती सत्तर जणांत वाचली जाते. म्हणून विषय देताना ‘तुमच्या आयुष्यातला दुःखद प्रसंग’ असं कधीही देऊ नका. एसटीचा पास काढायची रांग, संध्याकाळच्या टेनिसबॉल सामन्यात झालेलं भांडण, मोबाईलचा रिचार्ज संपल्यावरची रात्र, डवऱ्याच्या, म्हणजे कोळप्याच्या, पाठी चालताना दिसणारी जमीन, लग्नातली पंगत असे विषय द्या. हसवणाऱ्या लेखनाला तितकेच गुण द्या. आणि वर्गात वाचण्याआधी, वार्षिकांकात देण्याआधी प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याला विचारा : वाचू का, नाव देऊ का, घरच्यांना आधी दाखवायचं आहे का.

आता सरांचा मुद्दा, स्पर्धा परीक्षांचा मुद्दा. तो हलका नाही. वर्णनात्मक पेपर लिहिताना, कार्यालयात टिप्पणी लिहिताना, बँकेत पत्र लिहिताना या मुलांना प्रमाण मराठी सफाईने यावीच लागेल, आणि ज्यांच्या घरी ती बोलली जात नाही त्यांना महाविद्यालयाने ती दिली नाही तर कुणीच देणार नाही. मला मतभेद आहे तो क्रमाबद्दल. ‘आधी शुद्धलेखन, मग शैली’ असं म्हणून सुरुवात केलेल्या वर्गात ‘मग’ कधी येत नाही. दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सांगता सांगता ते संपतात. आणि ज्या मजकुराशी आपलं काही देणंघेणं नाही त्यातल्या वेलांट्या कुणालाही लक्षात राहत नाहीत. पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाला हात लावू नका. दुसऱ्या खर्ड्यात वाक्यं आणि क्रम पाहा. शेवटच्या खर्ड्यात, ते छापायला किंवा भिंतीवर लावायला जाणार असताना, लेखननियम आणा. स्वतःचं लेखन चारचौघांत जाणार म्हटल्यावर मुलं ‘पाहिलं’ची वेलांटी स्वतः विचारायला येतात. प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर आपल्या वारंवार होणाऱ्या चुका लिहून ठेवाव्यात. सगळ्यांना सगळे नियम शिकवण्यापेक्षा ज्याला जो नियम नडतो तो त्याला शिकवणं तीस तासांत जमण्यासारखं आहे.

प्रमाण भाषेलाही तिचा खरा वाचक द्या. एकाच घटनेची तीन रूपं लिहून घ्या. दुबार पेरणीचीच गोष्ट घ्या. एक, पुण्याला शिकायला गेलेल्या मैत्रिणीला पत्र. दोन, तालुका कृषी अधिकाऱ्यांना अर्ज, ‘दुबार पेरणीसाठी बियाणे मिळण्याबाबत’. तीन, वार्षिकांकासाठी ललित लेख. अर्जात गट क्रमांक, क्षेत्र, पेरणीची तारीख आधी यावी लागते. बाबांचं मौन तिथे चालत नाही, कारण वाचणाऱ्याला निर्णय घ्यायचा आहे. पत्रात तारीख चालत नाही, मौन चालतं. प्रमाण भाषा शिक्षा म्हणून शिकवली की मुलं तिला घाबरतात. वडिलांचं काम व्हावं म्हणून शिकवली की ती त्यांना हवीशी होते. आणि नीट अर्ज लिहिण्यातही निवड आहेच : कोणती गोष्ट पहिल्या ओळीत घालायची, काय गाळायचं, विनंती किती ठाम करायची. प्रमाण भाषेत गेलं की आवाज संपला, हे तुमच्या मनातलं भय या सरावाने कमी होईल.

सरांशी बोलताना एक गोष्ट हाताशी ठेवा. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि ज्यांत १९७२ मध्ये आणखी भर पडली, त्यांतच पात्राच्या तोंडचं बोलणं लिहिताना ‘असं केलं, मी म्हटलं’ अशी उच्चाराप्रमाणे रूपं लिहायला मोकळीक दिली आहे. एरवी ‘असे केले, मी म्हटले’ लिहावं, असं तिथे म्हटलं आहे. आज हे सदर पहिल्या ओळीपासून ‘केलं, म्हटलं’ असंच लिहिलं जातं आणि कुणाला खटकत नाही. त्या नियमांआधीच्या पिढीच्या पत्रांत ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार सापडतात. त्यांना तेच शुद्ध होतं. नियम हवेतच, पण ते माणसांनी सोयीसाठी ठरवले आणि बदललेही, हे मुलांना कळलं तर नियमांची भीती जाते आणि आदर राहतो.

साहित्यातही बोलीला जागा देण्याचे वेगवेगळे मार्ग आधीच आखलेले आहेत. तुमच्या मुलांच्या अगदी जवळचा म्हणजे उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीचा (१९६०) : पात्रं वऱ्हाडीत बोलतात, निवेदन प्रमाण भाषेकडे झुकलेलं. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये (१९७१) निवेदनच ग्रामीण बोलीत आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक तरुण शाळामास्तर आहे, त्याची भाषा प्रमाण, वाक्यं छोटी, आणि माणदेशाची माती तरी तिथे आहे. तिन्हींतलं एकेक पान झेरॉक्स करून द्या आणि विचारा, या लेखकाने हेच का केलं असेल? त्याने उलटं केलं असतं तर काय हाती लागलं असतं, काय निसटलं असतं? मग मुलांनी आपल्या लेखनासाठी एक मार्ग धरावा. बोलीत लिहायचं ठरवलं तर तिलाही शिस्त आहे. ‘पायलं’ लिहायचं की ‘पाह्यलं’, ‘नाई’ की ‘नाही’, हे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळायचं. वर्गाने मिळून अशा शब्दांची यादी करून फळ्याशेजारी लावावी. तुमच्या त्या मुलीच्या लेखनात ही सुसंगती नसेल तर सरांचा आक्षेप तेवढ्यापुरता रास्त आहे, आणि ते तिला सांगायला हवं.

अमेरिकेत कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या अध्यापकांच्या परिषदेने १९७४ साली ठराव केला होता की विद्यार्थ्यांना आपापल्या बोलींचा, घरच्या भाषारूपांचा हक्क आहे. इतक्या वर्षांनंतरही त्या हक्काला वर्गात गुण कसे द्यायचे यावर तिथे वाद चालूच आहेत. तुमच्या विभागात दोन शिक्षकांचं पटलं नाही यात तुमचं काही चुकलं असं समजू नका. ठराव करणं सोपं असतं, वही तपासणं अवघड.

म्हणून गुणांबद्दल स्पष्ट बोलते. ‘आवाज’ किंवा ‘शैली’ असा रकाना करून त्याखाली गुण देऊ नका. तो शेवटी तपासणाऱ्याच्या आवडीचा रकाना होतो. प्रत्येक लेखनासोबत मुलांकडून अर्ध्या पानाचं टिपण घ्या : हे कुणासाठी लिहिलं, भाषेचं हे रूप का निवडलं, पहिल्या खर्ड्यानंतर काय बदललं आणि का. काही गुण अंतिम लेखनाला, काही या टिपणाला आणि खर्ड्यांतल्या बदलांना, आणि काही निश्चितपणे प्रमाण मराठीतल्या एका अर्जाला किंवा वृत्तान्ताला. मग कुणीही वही पुन्हा तपासली तरी बोलीतलं लेखन चुकून झालं की ठरवून, हे टिपणावरून कळेल. सरांना ‘अशुद्ध’ म्हणायचं असेल तर त्यांनाही निवडलेल्या रूपाच्या आत राहून म्हणावं लागेल.

सत्तर जणांचे तीन-तीन खर्डे तुम्ही एकट्या वाचू शकणार नाही, वाचूही नका. आठवड्याला दहा-बारा नीट वाचा आणि प्रत्येकावर एकच सूचना लिहा. बाकीचे जोडीदार वाचतील. अभ्यासक्रमात कथा, कविता, एकांकिका, पटकथा, ब्लॉग असं सगळं कोंबलेलं असेल. जिथे मोकळीक आहे तिथे प्रकार कमी करा. सहा प्रकार एकेकदा लिहिण्यापेक्षा दोन प्रकार तीनदा लिहिलेले बरे.

चॅटजीपीटीचा तुम्ही उल्लेख केला नाहीत, पण हा प्रश्न विचारणारे बरेच वाचक करतात. त्याची मराठी आणि आपली निबंधी मराठी सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या आहेत. पोलिसगिरी करू नका. पावसावरचा एक यांत्रिक निबंध वर्गातच वाचून दाखवा आणि विचारा, यातलं कोणतं वाक्य फक्त आपल्या तालुक्यातलंच माणूस लिहू शकलं असतं? एकही सापडणार नाही. पहिला खर्डा वर्गात बसून हाताने लिहून घ्या. पुढचं बरंचसं आपोआप निभावतं.

सरांना विरोधक समजू नका. मुलं परीक्षेत मागे पडू नयेत ही त्यांची काळजी तुमचीही आहे. विभागाची पुढची बैठक होण्याआधी त्यांना एकट्यांना भेटा. ती चार पावसाची वाक्यं दाखवा, गुणांची विभागणी दाखवा, प्रमाण भाषेतल्या अर्जाचे गुण किती ठेवायचे हे त्यांनाच ठरवू द्या. मग ठरलेले निकष बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या सत्रात हा वर्ग दुसऱ्या कुणाकडे गेला तरी वऱ्हाडीत लिहू पाहणाऱ्या मुलाला त्याचं लेखन कशावर तपासलं जाईल हे पहिल्याच तासाला सांगता येईल.